भोगवटादाराच्या रकान्यात

मस्कतमध्ये घरपट्टी नसते. पगारावर करही नसतो. आपल्या मराठी मंडळातल्या बहुतेकांना हे सुख वाटतं, माझ्या बाबांना मात्र ती उणीव वाटते. त्यामुळे कर भरण्याची त्यांची सगळी हौस नाशिकच्या घरावर निघते. बाकीचे लोक सुट्टीत आंबे खायला देशात जातात. बाबा घरपट्टी भरायला जातात, आणि आंबे वाटेत लागले तर खातात.

गंगापूर रोडच्या आतल्या एका कॉलनीत आमचं छोटं बैठं घर आहे. वर गच्ची, मागे एक खोली, कुंपणाला शेवगा. एप्रिलमध्ये अख्ख्या वर्षाची घरपट्टी एकदम भरली तर थोडी सवलत मिळते. त्या सवलतीत विमानतळावरचा एक चहासुद्धा येत नाही, हे आईने त्यांना अनेकदा सांगून झालं आहे. "प्रश्न पैशांचा नाही, वेळेवर भरण्याचा आहे," असं म्हणून ते हिरव्या फायलीत नवी पावती लावतात. पावतीचा नंबर जितका लहान, तितका बाबांचा चेहरा मोठा.

गेल्या एप्रिलमध्ये त्यांना रजा मिळाली नाही, आणि त्याच सुमाराला शेजारच्या वाघकाकांनी नाशिकहून एक फॅक्स पाठवला. महापालिकेने घराघरांची नवी पाहणी केली होती, तिची नोटीस. मालकाच्या रकान्यात बाबांचं नाव होतं. त्याखाली आणखी एक रकाना होता, भोगवटादार. त्यात लिहिलं होतं, 'काशिनाथ गावित'.

भोगवटादार म्हणजे घरात प्रत्यक्ष राहणारा. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मी मंडळाच्या शुक्रवारच्या वर्गात शिकले, आणि तिथे आम्ही पोपट, पाऊस आणि दिवाळी यांच्या पुढे कधी गेलो नाही. बाबांनी मात्र तो शब्द असा वाचला, जणू घर गेलंच. काशिनाथदादा आणि जमनाबाई आमच्या मागच्या खोलीत सहा वर्षं राहतात. घर सांभाळतात, भाडं देत नाहीत, पगार घेत नाहीत. दर वर्षी बाबांच्या बॅगेत ते नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पापडांचा डबा घालतात. पण त्या संध्याकाळी बाबांनी मला जो हरकतीचा अर्ज सांगितला, त्यात काशिनाथदादांचं नाव 'सदर इसम' असं झालं. 'सदर इसमाचा घराशी काहीएक संबंध नसून त्याचे नाव तात्काळ कमी करावे.' मी तो तीनदा लिहिला, कारण 'तात्काळ'वर बाबांचं समाधान होईना.

माझी नोकरी सुरू व्हायला दोन महिने होते. म्हणून हरकतीचा अर्ज, बाबांचं अधिकारपत्र आणि हिरवी फाईल घेऊन मी एकटी निघाले. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी आईला पुढे करते, हे बाबांना माहीत आहे. "कमी बोलायचं, कागद पुढे करायचा," एवढीच सूचना त्यांनी दिली.

कसारा घाट

दादरहून शेअर टॅक्सी केली. मागे आम्ही चौघं, आणि मी मधे. शेजारी लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी होते. कल्याण यायच्या आत त्यांनी माझं शिक्षण, गाव आणि लग्नाचा विचार एवढं काढून घेतलं. मस्कतला लोक वर्षानुवर्षं लिफ्टमध्ये भेटून नाव विचारत नाहीत. इथे नाव शेवटी विचारतात.

"मग नाशिकला काय काम काढलं?"

"घरपट्टी भरायची आहे."

"मस्कतहून? घरपट्टी भरायला?" त्यांनी पुढे वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐकलं का भाऊ? या ताई इमानानं घरपट्टी भरायला आल्या. आमच्याकडं पंचायतीचा शिपाई पुढच्या दारात दिसला की माणसं मागच्या दारानं कांदे साठवायच्या चाळीत जातात."

सगळी टॅक्सी हसली. मी खिडकीकडे पाहिलं, पण खिडकी माझ्याजवळ नव्हती, त्यामुळे दुसऱ्याच एका काकांकडे पाहिल्यासारखं झालं. बाहेर घाटातले डोंगर वणव्याने काळे पडले होते आणि मधेच एखादा पळस लाल होता. इगतपुरीला गाडी थांबली तेव्हा व्यापारीकाकांनी मला न विचारता वडापाव आणून दिला. "खा. कर भरणाऱ्या माणसाला ताकद पाहिजे."

कॉलनी

फाटक जमनाबाईंनी उघडलं. पस्तिशीच्या असतील. अंगण झाडून त्यावर पाणी मारलेलं होतं. काशिनाथदादा पायरीवर बसून बागेच्या फुटलेल्या नळीला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधत होते. ते दोघं सुरगाण्याकडचे. पूर्वी द्राक्षांच्या हंगामात मजुरीला यायचे आणि पावसाळ्यात भातलावणीला परत जायचे. मग वाघकाकूंनी त्यांना आमच्या घराच्या राखणीसाठी थांबवलं. आता दादा आसपासच्या बंगल्यांच्या बागा पाहतात, आणि जमनाबाई दोन घरी स्वयंपाक करतात.

"बाबा नाय आले?" जमनाबाईंनी विचारलं.

"रजा मिळाली नाही."

"मग यंदा पट्टी कोण भरंल?"

"मी."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. नापसंतीने नाही, पण ओझं उचलेल की नाही असं जोखून पाहावं तसं. मग आमच्याच कपाटातल्या कपातून चहा आणला. 'सदर इसम' माझ्यासमोर बसून विचारत होता, "साखर बरोबर हाय ना ताई?" अर्ज माझ्या पर्समध्ये होता. मी पर्स मांडीवरून काढून पाठीमागे ठेवली.

तेवढ्यात कुंपणावरून वाघकाकूंचा आवाज आला. "आल्या का मस्कतच्या महापौर?"

खिडकी

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, महापालिकेच्या विभागीय कार्यालयात मी वेळेवर पोहोचले. पाट्या मराठीत होत्या. मी मराठी वाचते, पण हळू, आणि मागून माणसं ढकलत असली की आणखी हळू. एका रांगेत बायका जास्त होत्या म्हणून मी तिथे उभी राहिले. वीस मिनिटांनी पुढच्या आजोबांनी वळून हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग जन्म का?" त्यांचा चेहरा खुलला. "मुलगा की मुलगी?"

तेव्हा मी वरची पाटी शेवटपर्यंत वाचली. जन्म-मृत्यू नोंदणी. खरं सांगायचा धीर होईना, म्हणून मी "मुलगी" म्हणाले आणि रांगेतून बाहेर पडले. मागून त्यांचा आवाज आला, "लक्ष्मी आली!"

घरपट्टीच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, नाकाच्या टोकावर चष्मा, शेजारी उघड्या डब्यात मीठ-तिखट लावलेल्या कैरीच्या फोडी. मी ठरल्याप्रमाणे कमी बोलले आणि कागद पुढे केला. त्यांनी हिरवी फाईल पाहिली आणि पुढचा कागद न पाहताच म्हणाल्या, "देवऱ्यांची तू? दर वर्षी येतात ते? सुरुवातीच्या पावत्यांत नंबर लागला नाही तर जेवत नाहीत ते?"

"हो."

"अगं, अजून बिलं छापून यायचीत. सोमवारी ये. लोक बिल मिळूनही भरत नाहीत आणि तुम्ही बिल निघायच्या आधी समुद्र ओलांडून येता."

मी हरकतीचा अर्ज काढला. त्यांनी तो वाचला. 'सदर इसम'वर त्यांच्या भुवया वर गेल्या. "हेपण सोमवारीच. पण एक विचारू का? हा सदर इसम कोण?"

"आमच्याकडे राहतात ते."

"आणि घराशी काहीएक संबंध नाही?"

मी फाईल बंद केली. त्यांनी अर्ज घडी घालून परत दिला, वर कैरीची एक फोड ठेवली. "सोमवारी," त्या पुन्हा म्हणाल्या.

निफाड

शनिवारी वाघकाकू मला माहेरी घेऊन गेल्या. घरपट्टीचं काम अडलं म्हणून मी चेहरा पाडून बसले होते, तो त्यांना बघवेना. निफाडजवळ त्यांच्या भावाचा द्राक्षांचा मळा आहे. माल बहुतेक उतरला होता. मांडवावर राहिलेले शेवटचे घड पिवळे, मऊ आणि इतके गोड होते की बोटं चिकटायची. शेडमध्ये जाळ्यांवर बेदाणा सुकत होता आणि त्याचा आंबूस वास सगळ्या मळ्यावर पसरला होता. मस्कतला आपण द्राक्षं थर्माकोलच्या ट्रेमधून घेतो. इथे त्या भावाने, म्हणजे मामांनी, कात्रीने घड कापून थेट माझ्या ओंजळीत ठेवला.

जेवताना काकूंनी सगळ्यांना माझ्या अर्जाची गोष्ट सांगितली. हे माझ्या मनात नव्हतं, पण नाशिक जिल्ह्यात गुपित ठेवायला जागा कमी पडते. मामा पिठल्यात भाकरी कुस्करत ऐकत होते.

"तुझ्या बाबाचं चुकत नाही," ते म्हणाले. "सटाण्याकडचे ना तुम्ही? तुझ्या वाघकाकानं सांगितलंय मला. तुझ्या आजोबांची चार एकर जमीन कशी गेली, ठाऊक हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. मामांनी सांगितलं, ते असं. कुळकायदा आला तेव्हा सातबाऱ्यावर कसणारा म्हणून ज्याचं नाव लागलं होतं, जमीन त्याची झाली. आजोबा नोकरीसाठी बाहेर होते. रकान्यात कुळाचं नाव चढलं, आणि पुढे जमीन त्याची झाली. बाबा तेव्हा लहान होते. म्हणजे मस्कतच्या जेवणाच्या टेबलावर मी जी घाबरट हौस समजत होते, ती एका रकान्यापासून सुरू झाली होती. दर एप्रिलला ते पावती घ्यायला जातात, तेव्हा आपलं नाव अजून जागेवर आहे ना, हेही पाहून येतात. हिरव्या फायलीला मी इतकी वर्षं हसले होते. मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

"वाईट झालं," मी म्हणाले.

"झालं ना." मामांनी ताकाचा पेला उचलला. "आणि हा मळा कसा आला, ते विचार तुझ्या काकूला."

काकू माझ्याकडे न पाहता चटणी वाढत म्हणाल्या, "आम्ही कूळ होतो."

मी माझ्या ताटातल्या द्राक्षांकडे पाहिलं. मग मामा मोठ्याने हसले. "खा, खा. त्याच रकान्यातली द्राक्षं हायेत. गोड हायेत ना?"

होती. खूपच गोड होती. अडचण तीच होती.

गच्ची

रविवारी सकाळी डोक्यावर पावलांचे आवाज आले म्हणून मी गच्चीवर गेले. तिथे आमच्या गल्लीतल्या सहा बायका होत्या. घर बंद असतं, म्हणजे गच्ची स्वच्छ असते, म्हणजे उन्हाळ्यात सगळ्या गल्लीचं वाळवण आमच्याच गच्चीवर, असा तिथला कायदा आहे. तो कोणी केला माहीत नाही, पण मोडायची माझी छाती नव्हती. जुन्या पातळांवर कुरडया, पापड, साबुदाण्याच्या चकल्या. माझ्या हातात सोऱ्या देण्यात आला. माझी पहिली कुरडई पाहून एक आजी म्हणाल्या, "ही कुठल्या देशाचा नकाशा गं?"

उन्हं चढल्यावर सगळ्या खाली गेल्या. कावळे हाकायला जमनाबाई आणि मी उरलो. टाकीच्या सावलीत बसून त्यांनी पदराच्या गाठीतून एक कागद सोडला. त्याच नोटिशीची झेरॉक्स होती. घड्या इतक्या वेळा उलगडलेल्या की चार तुकडे व्हायला आले होते.

"ताई, हे वाचता का? माझ्या मालकाचं नाव बरोबर हाय ना?"

मी वाचून दाखवलं. काशिनाथ गावित.

"पाहणीवाले साहेब आले, म्हणाले, इथं कोण राहतं? मी म्हटलं, घरमालक मस्कतला राहतात, मागं आमी राहतो. तर ते नाव लिहायला लागले. मी म्हटलं, साहेब, वाचून दाखवा. त्यांनी दाखवलं."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. त्यांचं रेशनकार्ड अजून गावाकडचं आहे. दर महिन्याला दादा एक दिवसाची मजुरी बुडवून एसटीने गावाला जातात आणि धान्य, साखर, रॉकेल घेऊन येतात. इथलं कार्ड करायला तीनदा गेले. तीनदा विचारलं, राहता कुठे, पुरावा काय? दोन वर्षांपूर्वी काकूंमार्फत बाबांना संमतीचं पत्र मागितलं होतं. बाबांनी कळवलं, "पाहू."

"आता ह्या कागदावर नाव हाय, तर साहेब म्हणाले, कार्ड होईल. या महिन्यात घर बघायला येणार हायेत. फक्त यंदाच्या पट्टीच्या बिलावर पण नाव पायजे." त्या थांबल्या. "राहील ना ताई?"

अर्जाबद्दल त्यांना माहीत होतं का? काकूंचा स्वभाव पाहता असावं. पण त्यांनी विचारलं एवढंच, आणि उत्तर न मागता कावळा हाकायला उठल्या. मी मस्कतहून शिकून आले होते, कमी बोलायचं, कागद पुढे करायचा. इथे तर त्याच पद्धतीने जमनाबाईंनी माझ्यापुढे कागद केला होता.

पुन्हा खिडकी

सोमवारी बिलं आली होती. माझ्यापुढे रांगेत कोणी नव्हतं. खिडकीतल्या बाईंनी माझ्याकडे पाहून हात पुढे केला. "आण तुझा सदर इसम."

मी अर्ज दिला नाही. मी बोलले. मागे चार माणसं येऊन उभी राहिली तरी बोलत राहिले. आजोबांची चार एकर, जमनाबाईंची झेरॉक्स, दोन्ही सांगितलं. नाव राहू दिलं तर घर जातं का, ते विचारलं.

बाईंनी चष्मा काढला. "हे घरपट्टीचं बिल आहे, सातबारा नाही. मालकाच्या रकान्यात तुझे बाबा आहेत आणि राहतील. ज्या खोलीत माणूस राहतो तिथे तो राहतो असं लिहिलंय, एवढंच. तू असं कर, एक साधा कागद दे. 'देखभालीसाठी बिनभाड्याने राहतात.' म्हणजे भाडेकरू धरून कर वाढणार नाही, आणि उद्या कोणी हक्क सांगितला तर तुमच्याकडे कागद."

"काय कुजबुज चाललीय मॅडम?" मागून एकजण म्हणाला. "आमचं पाण्याचं बिल पण आहे."

"थांबा हो. या समुद्रापलीकडून आल्यात, तुम्ही इथल्याच सिडकोतून."

मग मी त्यांना आणखी एक प्रश्न विचारला. त्यांचं उत्तर ऐकून मी समोरच्या एसटीडी बूथमध्ये गेले. काचेच्या खोलीत मीटरचे लाल आकडे पळायला लागले.

"झालं का?" बाबांनी पहिल्याच घंटीला उचलून विचारलं.

"बाबा, एक अडचण आहे. हरकत घेतली तर बिल वादात जातं. वादातल्या बिलाला सवलत नाही."

पलीकडे शांतता पसरली. लाल आकडे पळत होते. एरवी बाबांनी एवढी महागडी शांतता कधी घेतली नसती.

"म्हणजे एक तर हरकत, नाही तर सवलत?"

"हो."

"आणि ते नाव राहिलं तर..."

मी बाईंचं म्हणणं सगळं सांगितलं, साध्या कागदासकट. आजोबांच्या जमिनीचं मला कळलं, हेही सांगितलं. बाबा त्यावर खाकरले फक्त.

"पावती कितवी मिळेल?"

"आज पहिलाच दिवस आहे. माझ्या आधी कोणी नाही."

मग ते म्हणाले, "भर." मी फोन ठेवणार तेवढ्यात त्यांचा आवाज आला. "आणि काशिनाथला सांग, शेवग्याला पाणी जास्त घालू नको. मुळं कुजतात."

अधिकारपत्रात 'आवश्यक ते सर्व करावे' असं बाबांनी स्वतःच लिहिलं होतं. मी खिडकीवर उभं राहून माझ्या शुक्रवारच्या वर्गातल्या अक्षरात कागद लिहिला. 'सदर इसम' लिहिलं नाही. 'श्री. काशिनाथ गावित व सौ. जमनाबाई गावित' लिहिलं. बाईंनी शिक्का मारला आणि पावती फाडून दिली. त्या पुस्तकातली ती पहिली पावती होती.

जमनाबाईंना बिल दाखवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग आत जाऊन नागलीच्या पापडांचा डबा आणला, आणि या वेळी वर कुरडयांची पिशवी ठेवली. तिच्यात नकाशासारखी एक होती.

मस्कतला पावती हिरव्या फायलीत गेली. पाहुण्यांना ती अजून दाखवली जाते. जूनमध्ये काकूंच्या पत्रातून नव्या रेशनकार्डाची झेरॉक्स आली. पत्त्याच्या ओळीत घराच्या मालकाचं, म्हणजे बाबांचं नाव होतं. बाबांनी ती बराच वेळ पाहिली. "आता आपण त्यांच्या रकान्यात," ते म्हणाले, आणि तीही फायलीत लावली.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं, की या एप्रिलमध्ये बाबांना रजा मिळाली आहे. ते त्याच खिडकीवर जाणार, आणि कैरी खाणाऱ्या त्या बाई बोलल्याशिवाय राहणार नाहीत. त्यापेक्षा मंडळाच्या अंकात माझ्याकडून त्यांना कळलेलं बरं. हा अंक ते जाहिरातींसकट वाचतात.

बाबा, मी बाईंना विचारलं होतं, "हरकत घेतली तर सवलत जाते का?" त्या म्हणाल्या होत्या, "छे गं. सवलतीचा आणि हरकतीचा काय संबंध?"